दोन वह्यांतले देवमासे

शिरगणतीच्या आकड्यांवर काय काय ठरते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. कोण किती, हे ज्या कागदावर लिहिले जाते, त्या कागदावर पुढच्या कित्येक वर्षांचे निकाल अवलंबून असतात. पण माणूस निदान दारात उभा राहून आपले नाव सांगतो. जो प्राणी बहुतेक वेळ पाण्याखाली असतो आणि वर्षाकाठी हजारो मैल हिंडतो, त्याची शिरगणती करायची कशी? विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी हे काम अंगावर घेतले. देवमाशांच्या त्या मोजणीचा इतिहास जितका विज्ञानाचा आहे, तितकाच वहीतल्या खऱ्याखोट्या नोंदींचाही आहे.

देवमासा नावाने मासा. एरवी तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. मादीला एका खेपेला एकच पिल्लू होते आणि पुढचे व्हायला बहुधा दोन-तीन वर्षे जातात. म्हणजे मुद्दल मोठे दिसले तरी व्याज फार थोडे. शिकारीचा धंदा मात्र मुद्दलावरच चालला होता. साबण आणि मार्गारीन यांसाठी देवमाशाच्या तेलाला मोठी मागणी होती. १९२५ नंतर मागच्या बाजूने अख्खा देवमासा ओढून घेणारी कारखानी जहाजे अंटार्क्टिकच्या समुद्रात उतरली आणि १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले.

त्याच सुमारास ब्रिटिशांनी ‘डिस्कव्हरी’ नावाने संशोधनाचे मोठे काम हाती घेतले होते. त्याचा खर्च देवमाशाच्या तेलावरच्या करातून निघे. दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे, शिकारीच्या तळालगतच, १९२५ मध्ये प्रयोगशाळा उभी राहिली. मॅकिंटॉश आणि व्हीलर या दोघा तरुण जीवशास्त्रज्ञांनी तिथे आणि आफ्रिकेच्या सालडान्हा उपसागरात मिळून सोळाशेहून अधिक देवमासे तपासले. रक्तामांसाच्या चिखलात उभे राहून लांबी मोजायची, गर्भ पाहायचा, मादीच्या बीजकोशावरचे वण मोजायचे, असे ते काम. ते वण आयुष्यभर टिकतात, म्हणून त्यांवरून वयाचा अंदाज बांधता येई. पुढे १९५५ मध्ये पर्व्हिस या अभ्यासकाने दाखवून दिले, की देवमाशाच्या कानात साचणाऱ्या मेणासारख्या बोळ्यात झाडाच्या खोडाप्रमाणे थर असतात. ते मोजले की वय कळते.

वय कळले, आता संख्या. त्यासाठी युक्ती जुनीच होती. तळ्यातले ५० मासे पकडून, खूण करून परत सोडावेत. काही दिवसांनी १०० मासे पकडावेत. त्यांत खुणेचे ५ निघाले, तर तळ्यात साधारण १००० मासे असावेत. देवमाशासाठी खूण म्हणून क्रमांक कोरलेली पोलादी नळी बंदुकीने त्याच्या अंगात मारत. पुढे कधी तो देवमासा कापला गेला, की मांसात नाहीतर उकळत्या कढईच्या तळाशी ती नळी सापडे आणि परत पाठवली जाई. १९३० नंतरच्या दशकात सुमारे पाच हजार देवमाशांना अशा नळ्या मारल्या गेल्या. या विद्येची मेख इथेच आहे. मोजणारा अभ्यासक असला, तरी आकडा पुरवणारा शिकारीच होता. त्याने नळी लपवली, की सगळे गणित चुकणार.

१९४६ च्या वॉशिंग्टन करारातून आंतरराष्ट्रीय देवमासा आयोग निघाला. पण शिकारीची मर्यादा जातवार ठरवण्याऐवजी त्याने एक चमत्कारिक माप चालू ठेवले. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन देवमासे, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. साहजिकच शिकारी आधी निळ्याच्या मागे लागत आणि तो मिळेनासा झाला की फिनकडे वळत. १९६० मध्ये आयोगाने मासेमारीच्या गणितात मुरलेल्या तिघांची समिती नेमली. अमेरिकेचे चॅपमन, न्यूझीलंडचे ॲलन आणि अन्न व कृषी संघटनेचे सिडनी होल्ट. पुढे जॉन गलंड त्यांना येऊन मिळाले. एका शिकारी बोटीला दिवसाकाठी किती देवमासे मिळतात आणि हा आकडा कसा घसरत जातो, यावरून त्यांनी उरलेल्या देवमाशांचा हिशेब मांडला. आयोगाने तरीही १९६३-६४ साठी भरमसाट मर्यादा ठेवली. समितीने सांगितले, की एवढी मुभा असली तरी फिन देवमासे सुमारे १४ हजारच मिळतील. हंगामाअखेर आकडा आला १३,८७०. भाकीत इतके अचूक उतरल्यावर समितीची थट्टा करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. निळा देवमासा मात्र तोवर बोटावर मोजण्याइतका उरला होता.

तरी एक कोडे सुटत नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जाणारे हंपबॅक, म्हणजे पाण्यात बुडी मारताना पाठीला कुबड काढणारे देवमासे, दोन-तीन वर्षांत जणू नाहीसे झाले. टँगलूमाचे शिकारी केंद्र १९६२ मध्ये बंद पडले. तिथले अभ्यासक चिटलबरो यांनी वयाचे आणि पकडीचे सगळे आकडे मांडले, पण हिशेब जुळेना. नोंदलेल्या शिकारीने एवढी घट होणे शक्य नव्हते.

उत्तर तीस वर्षांनी आले. सोव्हिएत ताफ्यांवर प्रत्येक हंगामाच्या दोन वह्या होत्या. खरी मंत्रालयासाठी, गुप्त, खोटी आयोगासाठी. योजनेतले टनांचे लक्ष्य ओलांडले की बक्षीस मिळे, म्हणून लहान-मोठे, गाभण-लेकुरवाळे काही न पाहता देवमासे मारले गेले. दक्षिण गोलार्धात १९४७ ते १९७२ या काळात आयोगाला कळवलेले हंपबॅक २,७१० होते. प्रत्यक्षात मारलेले ४८ हजारांहून अधिक. त्या ताफ्यांवरच्या जीवशास्त्रज्ञांना सारे ठाऊक होते. तोंड उघडणे अशक्य होते, पण त्यांनी खऱ्या मापाच्या नोंदी सोडल्या नाहीत. दिमित्री तोर्मोसोव यांनी तर हजारो कागद घरच्या तळघरात लपवून ठेवले. १९९३ मध्ये अलेक्सी याब्लोकोव यांनी अमेरिकेत भरलेल्या परिषदेत ही गोष्ट उघड केली आणि मग एकेक खरी वही बाहेर येऊ लागली.

त्या वह्यांतले एक पान आपल्या अरबी समुद्राचे आहे. अंटार्क्टिककडे जाणारे ताफे वाटेत इथे शिकार करत. या उष्ण पाण्यात कारखानी जहाजांना हंपबॅक मारायला बंदी होती. तरीही १९६५ आणि १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २४२ हंपबॅक मारले गेले. त्यांतले बहुतेक एकट्या नोव्हेंबर १९६६ मधले. युरी मिखालेव यांनी या नोंदी १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. माद्यांच्या पोटातल्या गर्भांची वाढ पाहून त्यांनी दाखवले, की हे देवमासे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. त्यांचे विणीचे ऋतू उत्तर गोलार्धाचे होते. ते इथलेच होते. पुढे जनुकांच्या तपासणीतून दिसले, की हा कळप सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळा राहिला असावा.

आज मोजण्यासाठी मारावे लागत नाही. हंपबॅकच्या शेपटीखालच्या काळ्या-पांढऱ्या खुणा बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, हे ध्यानात आल्यावर १९७० नंतर छायाचित्रांनी पोलादी नळीची जागा घेतली. तळ्याचे गणित तेच राहिले. विद्यापीठांतले संशोधक विद्यार्थी लहान बोटींतून महिनोन्महिने हिंडून ही छायाचित्रे जमवू लागले. ओमानजवळ अशाच छायाचित्रांवरून २०११ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो होता फक्त ८२. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचे हंपबॅक काही शेकड्यांवरून वीस हजारांच्या पुढे गेले आहेत. आपल्या समुद्रातला कळप मात्र मासेमारीच्या जाळ्यांत आणि जहाजांच्या वाटांत अजून अडकलेला आहे.

२०१७ मध्ये ओमानजवळ लुबान नावाच्या एका मादीच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले गेले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून दक्षिणेला कन्याकुमारीच्या बाजूला गेली आणि पुन्हा ओमानला परतली. या कळपातले देवमासे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, हे तिच्या वाटेने नकाशावर उमटवले. आता कोकण-गोव्याच्या मच्छीमाराला असा देवमासा दिसला, जाळ्यात सापडला किंवा किनाऱ्याला लागला, तर त्याची तारीख, जागा आणि जमल्यास छायाचित्र खरेखुरे कुठेतरी नोंदले गेले पाहिजे. जिथे सगळे मिळून शंभरही नाहीत, तिथे एक नोंद गाळली तरी हिशेब चुकतो.