कोंबडीच्या पायाखालची माती

परवाच्या पावसात नातवाच्या कोंबड्यांची जाळी पाहिली. चार गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि पायाखाली नुसती राड! नातू म्हणाला, "आबा, वरून थोडा कडबा टाकू का?" म्हटलं, थांब, आधी एक गोष्ट ऐक. मास्तरकीची खोड, दुसरं काय! तीच गोष्ट जरा सविस्तर इथे लिहितो.

आपली काळी माती म्हणजे कापसाची माती. काळ्या पाषाणाची झीज होऊन ती तयार झाली. पावसात पाणी पिऊन फुगते, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा धरून ठेवायचा गुण कापसाला मानवतो, कोंबडीला नाही. विष्ठा ओल्या मातीत कालवली जाते, अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो आणि रक्ती हगवणीच्या परजीवीचं फावतं. तो विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच बाधत नाही, त्याला पिकायला ओल आणि ऊब लागते. श्रावणात आपण दोन्ही फुकट पुरवतो.

माझ्या लहानपणी जुनी माणसं धुळे जिल्ह्याला पश्चिम खानदेशच म्हणत. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, ते नाव तोंडातून जायला बराच काळ लागला. त्या काळी कोंबड्यांना जाळी नव्हती. दिवसभर उकिरड्यावर, रात्री डालग्याखाली. मायने मात्र खुराडं उंचवट्यावर बांधलं होतं. खाली बरडावरचा मुरूम, वर चुलीची राख. त्या राखेत कोंबड्या लोळत, त्यामुळे उवाही कमी होत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी मात्र बी.ए. झालेला! १९७०च्या दशकात चोपडा तालुक्यात नोकरी लागली, मायही माझ्याकडे आली. तेव्हा 'गादी पद्धत' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला होता. ही पद्धत अमेरिकेत ओहायो राज्यातल्या संशोधन केंद्रात १९४०च्या दशकात नीट अभ्यासली गेली. जमिनीवर चार-सहा बोटं तूस किंवा भुसा पसरायचा, तो सतत खालीवर करायचा, ओल दिसली तर चुना मिसळायचा. विष्ठा त्यातच सुकते, कुजते आणि शेवटी उत्तम खत होतं. पण तूस भाताचं. भात पिकतो नवापूरकडे, जिथे पाऊस जास्त. आमच्याकडे शेंगांची फोलपटं मिळाली असती, पण मला सोपं सुचलं. केळीचा पाला आणि खांबाची सोपटं, फुकट आणि ढीगभर. अर्धवट हिरवी तशीच अंथरली.

माय एवढंच म्हणाली, "चिखलमा कोंबडं टिकत नही रे भाऊ."

मी तिला पुस्तकातली आकृती दाखवली. श्रावणात गादी काळी पडून तिला बुरशी आली आणि तेवीस पिल्लांपैकी एकोणीस रक्ताची हगवण लागून गेली. मायने सगळं खरडून उकिरड्यावर टाकलं आणि टोपलीने मुरूम आणून पसरला. पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पुढे २००६ साल उजाडलं. फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांत बर्ड फ्लू सापडला, भारतातला पहिला. सुरतेच्या वाटेवरचं हे गाव, रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. लाखो पक्षी मारले गेले. अंडी, खाद्य, एवढंच काय, पायाखालची गादीसुद्धा खड्ड्यांत गेली. कारण ओलसर, गार विष्ठेत हा विषाणू बरेच दिवस तग धरतो, कडक उन्हात लवकर मरतो. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला, मारूळ, साळवा, हिंगोणा या बाजूला. इथे मोठ्या शेड नव्हत्या, होत्या त्या अंगणातल्या कोंबड्या. बाईच्या मिठामिरचीचा पैसा त्यांच्यावर चाले.

त्या पट्ट्यातल्या एका गावात मी तेव्हा शिक्षक होतो. शेजारच्या आजींच्या नऊ कोंबड्या पोत्यात गेल्या आणि रोज सारवलेलं अंगण चुन्याने पांढरं झालं. आजींनी विचारलं, "गुरुजी, कोंबड्या गेल्या त्या गेल्या, पण जमीन बाटली का?" मी म्हटलं, नाही आजी, वैशाखाचं ऊन पडू द्या. इतिहासाच्या मास्तराने दिलेलं हे उत्तर, पण निदान खरं होतं. त्या वर्षी पाऊसही भलताच झाला. ऑगस्टमध्ये तापीने सुरत बुडवली. आजींनी नवी पिल्लं आणली ती दिवाळीनंतरच, आणि आधी दारात चार टोपल्या मुरूम टाकून घेतला. कुणाचा सल्ला नाही, काही नाही!

२०२१ साली नवापूरला तोच रोग पुन्हा आला. पुन्हा खड्डे, पुन्हा चुना.

तर नातवाला सांगितलं: चिखलावर कडबा टाकलास तर तो चिखलाचाच भाग होईल. आधी छपराचं पाणी बाहेर काढ, जाळीभोवती चर खण. मग वरचा वीतभर गाळ उचलून वांग्याच्या वाफ्यात टाक, वाफा खूश होईल. त्यावर मुरूम, आणि मुरूम निथळला की शेंगांची कोरडी फोलपटं. त्याने कडबा गोठ्यात परत नेला. चर मात्र अर्धाच खणून झालाय, काल संध्याकाळी पुन्हा सर आली.