दुष्काळाची नोंद कोणाच्या नावावर?

१९७२-७३ च्या दुष्काळात माझी माय बालाघाटाच्या कडेला एका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी आठ वर्षांचा होतो. खडीच्या ढिगाआड धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसणे एवढेच माझे काम. कामावर सुखडी मिळे आणि घरी तांबड्या मिलोची भाकरी. तो मिलो अमेरिकेतून आलेला आहे हे मला फार पुढे, शिक्षक झाल्यावर समजले. संध्याकाळी मुकादम मस्टर उघडून नावे पुकारी. मायचे नाव आले की ती उगाचच पदर सावरून उभी राही. मतदारयादी सोडली तर आमच्या घरातील कोणाचे नाव सरकारी कागदावर चढण्याची ती पहिलीच वेळ होती. सातबारा आमच्या नावाचा नव्हताच.

दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे पावसाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. किती इंच पडला, किती गावे होरपळली, कोणत्या मंत्र्याने कोणता दौरा केला. मला त्यात एक वेगळा प्रश्न दिसतो. संकटाची बातमी कोण नेतो, ती कागदावर कोण लिहितो, आणि लिहिताना संकटग्रस्त म्हणून कोणाला धरतो?

बातमी नेण्याचे काम पूर्वापार आमच्याकडेच होते. माझे आजोबा येसकर. मयताचा सांगावा परगावी न्यायचा तो त्यांनी, पटकी आली की चावडीवर खबर द्यायची ती त्यांनी. रात्री गंजीला आग लागली किंवा ओढ्याला पाणी चढले तर पहिली हाळी येसकराची. दवंडीची हलगी मातंगाच्या गळ्यात. आज ज्याला पूर्वसूचना म्हणतात आणि ज्यासाठी कार्यशाळा भरतात, ती यंत्रणा गावगाड्याने आमच्या पायांवर उभी केली होती. ज्याच्या हाळीने गाव जागे होई, त्याला स्वतःच्या संकटात मात्र दारोदार भाकर मागावी लागे, आणि ती वरून टाकली जाई. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरहद्दीपलीकडे मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाच्या प्रश्नावर कायदेमंडळात विधेयक मांडले. या राबवणुकीचा मोबदला कोण देणार, हा त्यामागचा रोकडा सवाल होता. आमच्या आजोबांपर्यंत तो पोचायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

आता लिहिण्याचे पाहू. इंग्रजांच्या १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. सरकारी कामावर माणसे किती लोटतात यावरून दुष्काळ ओळखायचा, ही त्यांतील एक कसोटी. ती क्रूर होती, पण तिच्यात निदान माणूस मोजला जाई. पुढे आपल्याकडे मुख्य माप ठरले ते आणेवारीचे, म्हणजे नंतरच्या पैसेवारीचे. पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे; गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाई जाहीर व्हायची. म्हणजे मोजायचे पीक, आणि पीक ज्याच्या शेतात त्याचे नुकसान. शेतसारा त्याला माफ, कर्जाची वसुली त्याची थांबणार. ज्याला शेतच नाही त्याची पैसेवारी कोणी काढायची? त्याची सुगी बुडते तेव्हा ती दुसऱ्याच्या रानात बुडते. त्याचे पीक म्हणजे त्याची मजुरी, आणि ते कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात उभे नसते.

बहात्तरचा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता; त्याच्या आधीची दोन वर्षेही कोरडीच होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांत बायाबापड्या फार. भूकबळी मोठ्या प्रमाणावर झाले नाहीत, याचे श्रेय त्या कामांना दिलेच पाहिजे. मी त्यावरच जगलो आहे. परंतु पाण्याचे काय? मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांना नागवे करून मारण्यात आले. त्याच उन्हाळ्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागच्या संतापात हीही एक ठिणगी होती. बाबा आढावांनी त्याच काळात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव नेली. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पंचेचाळीस वर्षांनंतरही पाणवठा मोजत फिरावे लागत होते, आणि सरकारी अहवालात त्या गावांची नोंद मात्र एवढीच की गावात विहीर आहे, पाणी आहे. विहिरीत पाणी असताना तहानलेली वस्ती टंचाईग्रस्त ठरत नाही. हे दुष्काळाचे गणित मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचले नाही.

त्या दुष्काळातून एक चांगली गोष्ट निघाली ती म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांनी ती कल्पना १९६५ मध्येच तासगाव तालुक्यात आजमावली होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. येथे प्रथमच हक्क जमिनीला न चिकटता हातांना चिकटला. काम मागणारा एवढी एकच पात्रता. पण आम्ही खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी झिरपले ते खालच्या बागाईतदाराच्या विहिरीत. माय ज्या तलावावर पाट्या वाहत होती, त्याच्याखाली पुढे ऊस उभा राहिला. आणि आमच्या वस्तीतील कोयते ऊस तोडायला घाट उतरून परमुलखात गेले. याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीप्रमाणे न वाटता घरातील माणसांप्रमाणे वाटले, भूमिहीनालाही त्याचा वाटा दिला आणि उसाला मनाई केली. म्हणजे असे करता येते. त्या गावाच्या पुढे ते फार गेले नाही, याचे कारण पाण्यात नसून सातबाऱ्यात आहे, असे माझे मत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. धक्का आमच्याही जिल्ह्यात बसला. मी मुलांना घेऊन अंगणात आलो होतो. भूकंप काही जात पाहून येत नाही, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. खरे आहे. पुनर्वसन पाहून येते. नव्या गावांत घरे वाटताना ज्याची जमीन एक हेक्टरपेक्षा कमी किंवा मुळीच नाही त्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्यापुढील खातेदाराला ७५० चौरस फूट असे माप ठरले. भूमिहीनाला पक्के घर मिळाले, हे मी कमी लेखत नाही. पण सगळ्यांचीच भिंत पडलेली असताना, मोकळ्या माळावर पहिली रेघ मारतानाही उतरंड जशीच्या तशी आखली गेली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

२००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे ६१ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. आपत्तीत मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, म्हणजे दाद कोठे मागायची हेही ठरलेले आहे. हत्यार आहे, म्यानातून निघत नाही, कारण भेदभाव सिद्ध करायला लागणारी नोंदच कोणी ठेवत नाही. टंचाईच्या रोजच्या अहवालात किती गावे, किती वाड्या, किती टँकर, किती विहिरी अधिग्रहित, हे सारे येते. टँकर कोठे रिता झाला आणि पहिला पोहरा कोणी टाकला, याला रकाना नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा साऱ्या देशाने ती बातमी पाहिली. ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून, ते आमच्या केज तालुक्यात धनेगावला आहे. कोरडे धरण आमच्या शिवारात, बातमी शहराची. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या प्रश्नावर सरकारांना खडसावले आणि पैसेवारीऐवजी पाऊस, पिकांचा हिरवेपणा, जमिनीतील ओल अशी नवी मापे आली. उपग्रह आता वरून शेताचा हिरवेपणा पाहतो. वस्तीतील रिकामी घागर त्याला दिसत नाही.

बीडमध्ये याला आणखी एक गाठ आहे, गायरानाची. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून दलित भूमिहीनांची गायराने कसण्याची लढाई या जिल्ह्यातून लढली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करावीत, असा १९९१ चा शासननिर्णय आहे. तरी कितीएक कुटुंबे आजही गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणदारांच्या वहीत, अडकून पडली आहेत. ती जमीन नांगरतात, पेरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, बिंदुसरा, गोदावरी फुगल्या आणि जिल्ह्यातील रानेच्या राने वाहून गेली, तेव्हा पिकांची मदत हेक्टरी मोजली गेली. गायरानावरचे पीकही तितकेच वाहिले. पण ज्याच्या नावे हेक्टर नाही, त्याचा पंचनामा कोणत्या खात्यावर करायचा? माझ्या ओळखीच्या एका बाईला उत्तर मिळाले, “बाई, तुमची जमीनच नाही तर पीक कुठून आलं?” ती चिखलात उभी होती.

मी निवृत्त झाल्यापासून एक वही ठेवतो. उन्हाळ्यात टँकर आला की तारीख, वेळ, तो कोणत्या विहिरीत रिता झाला, वस्तीतील बायांना किती वाजता आणि किती घागरी मिळाल्या, असे चार रकाने. दहावीची दोन मुले नोंदी करतात. ऊसतोडीला गेलेल्यांची घरे कुलूपबंद असताना झालेल्या पाहणीत त्यांची गणती कशी झाली, हेही ती लिहून ठेवतात. गेल्या वर्षी त्या वहीची नक्कल जोडून, अहवालात वस्तीचा स्वतंत्र रकाना असावा, असा अर्ज मी एका कार्यालयात दिला. पोच मिळाली आहे. तिच्यावर माझे नाव आहे, खाली आवक क्रमांक आहे. मुलांनी ती पावती वहीच्या पहिल्या पानाला डकवली असून यंदाच्या नोंदी तिच्या पुढच्या पानापासून सुरू केल्या आहेत.