‘पावसाळा वगळून’: ईआयए अहवालातल्या एका ओळीचा इतिहास

एमएस्सीला असताना पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं ‘ईआयए’ म्हणतो, तो पेपर मला सोपा वाटायचा. स्क्रीनिंग, स्कोपिंग, बेसलाइन, परिणामांचा अंदाज, उपाययोजना, जनसुनावणी, मंजुरी. हा क्रम पाठ असला की मार्क पक्के. प्रॅक्टिकलला आम्हाला एक काल्पनिक सिमेंट कारखाना दिला होता आणि लिओपोल्ड मॅट्रिक्स भरायला सांगितलं होतं. वर्गात पंख्याखाली बसून दीड तासात आम्ही न पाहिलेल्या डोंगरावरच्या न पाहिलेल्या झाडांना दहापैकी आकडे देऊन टाकले. मला त्यात चांगले मार्क मिळाले, हेही सांगून टाकते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावर गेले. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. दुपारी बारा वाजता त्यावर उभं राहिलं तर बुटाचा तळ तापतो. मी फॉर्मवर लिहिलं, ‘उघडा कातळ, विरळ वाळलेलं गवत, तुरळक झुडपं.’ गुरं घेऊन आलेल्या एक काकी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, आत्ता काय बघताय? पावसात या, मग लिहा.”

ऑगस्टमध्ये गेले. त्याच जागी घोट्याएवढं पाणी होतं, कातळाच्या खळग्यांत बेडूक होते, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा आणि त्यात गेंदाचे पांढरे ठिपके. यातली बरीच झाडं वर्षातले तीन-चार महिनेच जमिनीवर दिसतात. उरलेला काळ ती बी किंवा कंद होऊन कातळाच्या भेगेत पडून असतात. माझा एप्रिलचा फॉर्म खोटा नव्हता. एप्रिलपुरता तो खराच होता. पण त्यावरून कुणी ‘या जागेवर फारसं काही नाही’ असं ठरवलं असतं, तर?

नंतर अहवाल वाचायला बसले तेव्हा एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा दिसू लागला: बेसलाइनची माहिती ‘एका हंगामाची, पावसाळा वगळून’. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळींवर जरा थांबा. ही ओळ कुठून आली हे शोधताना मला ईआयएचा इतिहास पहिल्यांदा नीट समजला.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटली. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेससमोर राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याचा मसुदा होता. लिंटन कॉल्डवेल नावाचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक सिनेटर हेन्री जॅक्सन यांना सल्ला देत होते. (राज्यशास्त्राचे, बरं का. ईआयए हा विज्ञानाचा पेपर म्हणून शिकवतात, पण त्याचा पाया घालण्यात प्रशासनाचा अभ्यासक होता.) कॉल्डवेल यांचं म्हणणं असं की नुसतं धोरण जाहीर करून सरकारी खाती बदलत नाहीत. त्यांना काहीतरी करायला भाग पाडणारी तरतूद हवी. त्यातून कलम १०२ आलं: मोठा प्रकल्प हाती घेण्याआधी त्याच्या परिणामांचं सविस्तर निवेदन तयार करा आणि पर्यायही मांडा. १ जानेवारी १९७० रोजी निक्सन यांनी कायद्यावर सही केली. या सगळ्यात कळीचा शब्द ‘आधी’ हा होता.

पण निवेदन लिहायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथे ल्यूना लिओपोल्ड येतात. हे जलशास्त्रज्ञ, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले. १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या बिग सायप्रस दलदलीत प्रचंड विमानतळ बांधायला सुरुवात झाली होती. लिओपोल्ड यांच्या नेतृत्वाखालच्या अहवालाने सांगितलं की यामुळे दक्षिण फ्लोरिडाची परिसंस्था उद्ध्वस्त होईल. काम थांबलं, तोवर एक धावपट्टी तेवढी झाली होती. १९७१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक छोटी पुस्तिका काढली आणि त्यात तो तक्ता दिला. आडव्या ओळीत प्रकल्पातल्या १०० कृती, उभ्या ओळीत पर्यावरणाचे ८८ घटक, मिळून ८,८०० चौकटी. प्रत्येक लागू चौकटीत दोन आकडे: परिणाम केवढा आणि तो किती महत्त्वाचा.

परीक्षेसाठी एवढं पुरतं. संशोधनासाठी मूळ पुस्तिका वाचा, फार मोठी नाही. लेखकांनी त्यात स्पष्ट केलंय की तक्ता हा लेखी चर्चेचा सारांश आहे. म्हणजे आधी चर्चा, मग तक्ता. आपण वर्गात तक्ताच भरला, चर्चा सोडून दिली. आणि आणखी एक गोष्ट: त्या ८,८०० चौकटींत काळाला जागा नाही. परिणाम लगेचचा की वीस वर्षांनंतरचा, जूनमधला की जानेवारीतला, हे नोंदवायला रकाना नाही. तक्त्यावरची ही टीका जुनीच आहे. सड्यावर जाऊन येईपर्यंत मला मात्र ती पुस्तकी वाटत होती.

आता भारत. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, मग सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नदीखोरे प्रकल्प पर्यावरणाच्या बाजूने तपासायला सुरुवात, १९८० मध्ये केंद्रात पर्यावरण विभाग, भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. हा क्रम तुम्हाला माहीत असेल, त्यात वेळ घालवत नाही. थांबायचं आहे ते सरदार सरोवरापाशी. नंदुरबारकडची, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातली, मणिबेलीसारखी गावं ज्यात बुडाली तो प्रकल्प. १९८५ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केलं. १९८७ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली ती सशर्त: अभ्यास बांधकामाबरोबर पूर्ण करा. १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. कॉल्डवेल यांच्या ‘आधी’चं आपल्याकडे ‘बरोबरीने’ झालं होतं. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे कलमांच्या यादीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

२७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ईआयए ठरावीक प्रकल्पांना सक्तीचं केलं. तिथेच आपली ओळ भेटते. अधिसूचनेत दोन प्रकारचे अहवाल आहेत. सर्वंकष अहवालाला साधारण वर्ष लागणार. ‘रॅपिड’ म्हणजे झटपट अहवालाला एका हंगामाची, पावसाळा सोडून, माहिती पुरेशी. झटपट अहवालातून गरज दिसली तर सर्वंकष मागवायचा, अशी कल्पना होती. पुढे १४ सप्टेंबर २००६ ची नवी अधिसूचना आली, अ आणि ब वर्ग आले, राज्यांची प्राधिकरणं आली. पण बहुसंख्य प्रकल्पांच्या कार्यकक्षेत एकाच बिगरपावसाळी हंगामाची बेसलाइन चालू राहिली. जी सवलत होती तिची रीत झाली.

पावसाळाच का वगळला? मला आधी वाटलं, आळस. तसं नाही. हवेतली धूळ मोजायची असेल तर पावसाळा खरोखर फसवा असतो. पाऊस धूळ धुऊन काढतो आणि आकडे छान येतात. म्हणजे हवेच्या बाबतीत पावसाळा वगळणं हे प्रकल्पवाल्याला सूट देणं नव्हे, उलट थोडं कडक मोजमाप आहे. गडबड अशी झाली की हवेसाठी शहाणपणाचा असलेला नियम झाडं, बेडूक, झरे, भूजल सगळ्यांच्या प्रकरणाला लागू झाला. नदीखोरे प्रकल्पांना मात्र पावसाळ्यासह तीन हंगामांची माहिती मागतात. याचा अर्थ पावसात मोजणं अशक्य आहे, असं कुणी म्हणू शकत नाही.

सड्याच्या बाबतीत तर तीन साधनं एकाच वेळी आंधळी होतात. सातबारा उघडा: तिथे ही जमीन बहुधा पोटखराबा, लागवडीला अयोग्य, म्हणून आकारणी नाही. उपग्रहचित्र घ्या: ढग नसलेलं हवं, म्हणून ते कोरड्या महिन्यांतलं असतं, आणि वर्गीकरणात जागा ‘खडकाळ पडीक’ म्हणून येते. मग प्रत्यक्ष पाहणी: पावसाळा वगळून. अहवालात ही तिन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत येतात आणि एकमेकांना दुजोरा देतात. वाचणाऱ्याला वाटतं, तीन साक्षीदार एकच सांगतायत. तिघंही उन्हाळ्यातच येऊन गेलेले असतात.

यावर कुणी म्हणेल, हा नियमांचा दोष नाही, कन्सल्टंट कामचुकार असतात. असतात काही. २००७ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगलं सापडली होती, कारण मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला होता. हा किस्सा आम्ही सेमिनारमध्ये हसत हसत सांगतो. पण मला तो तितकासा उपयोगाचा वाटत नाही. रत्नागिरीत स्प्रूस लिहिलं की चोरी लगेच पकडता येते. ‘विरळ वाळलेलं गवत’ लिहिलं तर पकडणार कोण? मी तेच लिहिलं होतं, तेही प्रामाणिकपणे.

गोव्यातलं मोपा प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. तेही जांभ्याचं पठार, महाराष्ट्राच्या सीमेलगत. तिथल्या विमानतळाला २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. मुद्दा गाजला तो साध्या ‘फॉर्म १’चा. अर्जाबरोबरचा हा पहिला कागद, आणि त्यात पंधरा किलोमीटरच्या आतली संवेदनशील क्षेत्रं सांगावी लागतात. सिंधुदुर्गातली अशी क्षेत्रं आणि जागेवरची झाडं यांची माहिती नीट दिलेली नव्हती. न्यायालयाने तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला, जादा अटी आल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. आज तिथून विमानं उडतात. निकाल कुणाच्या बाजूने लागला यापेक्षा, एका फॉर्मचे रकाने न्यायालयाने ओळीओळीने वाचले, हे आपल्या कामाचं आहे. तो निकाल मिळवून वाचा. पद्धतीचा धडा म्हणून मला तो कित्येक पाठ्यपुस्तकांपेक्षा उजवा वाटतो.

तर तुम्ही प्रपोजल लिहिताना ईआयए अहवालातले आकडे तयार डेटा म्हणून उचलणार असाल (आपण बरेचजण उचलतो, फुकट असतात आणि वेबसाइटवर मिळतात), तर आधी परिशिष्टात जाऊन नमुने घेतल्याच्या तारखा काढा. वनस्पतींची यादी आणि हवेची मोजणी एकाच तीन महिन्यांतली आहे का बघा. यादी स्वतः केलेली आहे की आधीच्या अहवालातून आलेली, तेही. मग जनसुनावणीचं इतिवृत्त वाचा. १९९७ पासून ही सुनावणी सक्तीची आहे आणि इतिवृत्तात लोकांनी मांडलेले मुद्दे नोंदवायचे असतात. पूर्ण अहवाल इंग्रजीत, गावाला मराठीत मिळतो तो फक्त सारांश. तरीही ‘पावसात या’ हे वाक्य कुठे लिहिलेलं सापडण्याची शक्यता असेल, तर ती याच पानांवर. माझ्या कामात ते दोन इतिवृत्तांत सापडलंय, वेगवेगळ्या शब्दांत. दोन्ही ठिकाणी त्यापुढे प्रकल्पाच्या प्रतिनिधीचं उत्तर एकच आहे: अभ्यास नियमानुसार केला आहे.

आणि ते उत्तर बरोबर आहे, हीच माझ्या दुसऱ्या प्रकरणाची अडचण आहे. गाईड म्हणतात, मग प्रकरणाचा प्रश्नच बदल. सध्या तेच करतेय. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सड्यावर जायचंय, या वेळी चार महिन्यांसाठी.