विद्यार्थी रोबोटिक्स संघ : प्रायोजकत्व आणि सामाजिक दायित्व निधी
रोबोकॉन या आशिया-पॅसिफिक स्पर्धेचे यजमानपद २००८ व २०१४ मध्ये पुण्याने भूषवले. अशा स्पर्धांत उतरणाऱ्या महाविद्यालयीन संघांना मोटारी, संवेदक, सुटे भाग आणि प्रवास यांचा खर्च बहुधा प्रायोजकांच्या बळावरच पेलावा लागतो.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेपलीकडील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करणे बंधनकारक आहे. शिक्षणाला प्रोत्साहन हा त्यातील मान्य विषय असल्याने विद्यार्थी साहजिकच या निधीकडे वळतात. मात्र विपणनलाभासाठी दिलेले प्रायोजकत्व २०२१ च्या सुधारित नियमांनी त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. यंत्रमानवावर कंपनीचे बोधचिन्ह झळकवण्याच्या बदल्यात मिळणारे पैसे जाहिरात खर्चातूनच मागावे लागतात. दोन्हींची सरमिसळ केलेला प्रस्ताव कंपनीलाच अडचणीत आणतो.

संघाला सहसा स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. त्यामुळे दायित्व निधी महाविद्यालय चालवणाऱ्या न्यास किंवा संस्थेमार्फत घ्यावा लागतो आणि तिची ‘सीएसआर-१’ नोंदणी आवश्यक ठरते. लहान कारखानदारांना हे कलम सहसा लागू होत नाही. त्यांच्याकडे रोख रकमेऐवजी लेथवरील काही तास किंवा उरलेला ॲल्युमिनियम मागणे अधिक व्यवहार्य असते.