संसार वाचवणारी श्रद्धा आणि अडकवणारा कायदा

देवाधर्मासाठी घर सोडणारा पुरुष वऱ्हाडाला नवा नाही. दर्यापूरच्या शेजारी, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. 1905 च्या फेब्रुवारीत ते घरातून निघाले आणि संसार मागे राहिला. लोक बाबांच्या पाया पडले. मागे राहिलेल्या बायकोची, कुंताबाईंची चौकशी फारशी कोणी केली नाही, आणि आपल्या परंपरेत ती करायची रीतही नाही. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठी पुरुषापुढे मात्र बायकोचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राही, कारण त्याच्या नव्या धर्मात संसार सोडणे हे पुण्य नव्हते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात याविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. बायको ख्रिस्ती नसली तरी नांदायला राजी असेल तर तिला टाकू नये. आणि ती आपणहून निघून गेली, तर जाऊ द्यावे. पाळकांच्या उपदेशात पहिली गोष्ट ठळक असते, दुसरी पुटपुटली जाते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती संसारांचा इतिहास पाहिला तर मोडलेली घरे प्रत्यक्षात दुसरीनेच सावरलेली दिसतात, असे माझे म्हणणे आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा टिळकांच्या घरात आहे. कवी नारायण वामन टिळक आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई यांचा संसार धर्मांतराआधीही सुखाचा नव्हता. टिळक शीघ्रकोपी, फिरस्ते, हातात पैसा न ठरणारे. नागपूरला एका आश्रयदात्याकडे काही काळ, मग राजनांदगावला, असे त्यांचे बस्तान हलत राही. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई वाढल्या होत्या अशा वडिलांच्या घरात, जिथे बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय आत येत नसे, मीठसुद्धा याला अपवाद नव्हते. अशा घरच्या मुलीला नवरा बाटल्याची बातमी मिळणे म्हणजे काय, हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनीच लिहिले आहे. पुढची चार-साडेचार वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळे सोबत घेऊन. आधी संसार जुळला, मग जातीविषयीचा विचार बदलला आणि त्यानंतर, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बायको ख्रिस्ती झाली म्हणून घर सावरले असे मिशनच्या प्रचारपुस्तिकेला सांगायला आवडेल. घडले ते उलट.

त्या चार वर्षांत टिळकांना दुसरा रस्ता मोकळा होता, आणि तो कायद्यानेच करून दिलेला होता. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा 1866 चा कायदा अशाच नवऱ्यांसाठी (आणि बायकांसाठी) झाला होता. धर्म बदलला म्हणून जोडीदाराने सहा महिने नांदणे सोडले, तर धर्मांतरिताने अर्ज करायचा. न्यायाधीशाने जोडीदाराला समक्ष विचारायचे. नकार आला तर आणखी एक वर्ष थांबायचे, पुन्हा विचारायचे, आणि तरीही नकारच असेल तर लग्न रद्द. त्यानंतर दोघांनाही पुन्हा लग्न करायची मुभा होती. ब्राह्मण घरातल्या टाकलेल्या बाईला ती मुभा काय कामाची होती, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे 1897 पर्यंत टिळक कायद्याने मोकळे होऊन एखाद्या ख्रिस्ती मुलीशी लग्न करू शकले असते. त्यांनी ते केले नाही. आणि दुसऱ्या टोकाचे हत्यारही वापरले नाही. रखमाबाईंच्या खटल्यात 1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले होते, त्याला जेमतेम आठ वर्षे झाली होती. नांदायला लावण्याचा दावा ही त्या काळच्या नवऱ्यांना चांगली ठाऊक असलेली वाट होती. सोडायचेही नाही आणि ओढूनही आणायचे नाही, असा तिसरा मार्ग टिळकांनी धरला. त्यांच्यासारख्या उतावळ्या माणसाला तो स्वभावाने सुचला असेल असे वाटत नाही; इथे श्रद्धेचा हात मानावा लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पदरात मूल, नातेवाइकांच्या घरी दिवस काढणे, स्वतःची कमाई नाही. अशा बाईने नवऱ्याकडे परत जाण्याला स्वखुशी कसे म्हणायचे? पूर्ण स्वखुशी म्हणता येणार नाहीच. पण नाइलाजाने शरण आलेली बाई नंतर कशी वागते आणि लक्ष्मीबाई कशा वागल्या, हे ताडून पाहावे. 1919 मध्ये टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धेही झाले नव्हते. शाळेत न गेलेल्या या बाईने ते पुरे केले. आणि 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नवऱ्याचा राग, विक्षिप्तपणा, घरातली भांडणे यांतले काहीही झाकले नाही. दबलेल्या माणसाला स्वतःच्या नवऱ्यावर असे हसता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: टिळक हे एक ब्राह्मण जोडपे, त्यांच्यावरून वऱ्हाडातल्या साध्या ख्रिस्ती घरांविषयी काय कळणार? इथे वऱ्हाडाचीच हकीकत पाहावी लागते, आणि ती वेगळी आहे. अकोला, खामगाव, अमरावती भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने काम केले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आसऱ्याला आली; अकोल्याला मुलांचे अनाथालय, खामगावला मुलींचे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला माहेर म्हणजे मिशनचा बंगला, आणि भावकी म्हणजे मंडळी. नवरा-बायकोचे बिनसले तर मध्ये पडणार पाळक किंवा मडमबाई. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर असेल तर दारू आणि मारझोड त्याला महागात पडे. प्रभुभोजनाच्या पंगतीतून वगळले जाण्याची नामुष्की असे ती वेगळीच. नवऱ्यावर असा वचक गावात सहसा नव्हता. माझ्या मते मंडळीने खरी घरे वाचवली ती इथे, बायकोला सोशीकपणाचा उपदेश करून नव्हे, तर नवऱ्याला चारचौघांत जाब विचारून.

पण याच व्यवस्थेने बायकांचे एक जुने साधन काढून घेतले. वऱ्हाडातल्या कुणब्यांत, महारांत आणि इतर कष्टकरी जातींत काडीमोड होता, पाट होता. नवरा नांदवत नसेल तर बाई माहेरी येई, कपाशीच्या वेचणीला जाऊन पोटापुरते कमावी, आणि पंचांपुढे दंड-जेवणाचा खर्च उरकून दुसरे घर करी. ही रीत काही सोवळ्यातली नव्हती. पंच पैसे खात, मुले बहुधा बापाकडे राहत. तरी बाहेर पडायला दार होते. ख्रिस्ती झाल्यावर ते बंद झाले. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करायचा होता. बायकोने मात्र सहसा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून देणे, असे दुहेरी सिद्ध करायचे. नुसता मार खाणे हे कारण पुरेसे नव्हते. दर्यापूरकडच्या मजूर बाईच्या दृष्टीने हा सौदा सरळ तोट्याचा होता, आणि तो तिला ‘पवित्र विवाहबंधन’ या नावाखाली सांगितला गेला.

दार उघडे ठेवले तर जो तो निघून जाईल, मग बांधिलकीला अर्थ काय, असे मंडळीतली जुनी माणसे आजही म्हणतात. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये 1869 च्या कायद्यातला बायकांवरचा अन्याय घटनाविरोधी ठरवला, आणि 2001 च्या दुरुस्तीने ख्रिस्ती पती-पत्नींना समान कारणे व परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद दिली. त्यानंतरही मंडळ्यांत लग्ने लागतात, बिनसतात आणि पाळकाच्या मध्यस्थीने जुळतातही. फरक एवढाच पडला की आता जुळलेल्या घराविषयी ते जुळले असे खात्रीने म्हणता येते. 1869 ते 2001 या 132 वर्षांत मिशनच्या नोंदवह्यांत जी घरे शाबूत दिसतात, त्यांतली किती टिळकांसारखी वाट पाहून सावरली आणि किती नुसती कुलूप लागलेली होती, हे त्या नोंदींवरून ओळखू येत नाही.