मितन्नीचे देव आणि अंक

तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे १९०६ साली सुरू झालेल्या उत्खननात हित्ती राजांचे दप्तर हाती लागले. त्यातील, इ. स. पूर्व चौदाव्या शतकात मितन्नी राज्याशी झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य हे देव साक्षीस आहेत. मितन्नीच्या किक्कुलीच्या अश्वशिक्षणविषयक लेखात ऐक, तेर, पंझ, सत्त असे ओळखीचे अंक आढळतात. राजांची नावेही संस्कृतच्या नात्यातील. मात्र राज्याची बोलभाषा तेव्हा हुरियन होती. मूळ बोली गेली. उरले देव, नावे आणि धंद्यातील चार शब्द. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना हा इतिहास परका वाटू नये. देवघरात आणि बारशाला टिकलेली मराठी मुलांच्या बोलण्यात टिकली, तरच ती भाषा म्हणून उरेल.