जपानमधील परदेशी इंग्रजी शिक्षक : एका पेशाची जडणघडण

परदेशी जाऊन तेथील लोकांना इंग्रजी शिकवणे हा आज जगभर रुळलेला पेशा असला, तरी त्याला पेशाचे रूप येण्यास, म्हणजे त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण, पद्धती आणि ग्रंथसाधने तयार होण्यास, बराच काळ जावा लागला आणि या घडणीचा एक महत्त्वाचा भाग जपानमध्ये पार पडला. शिक्षकाचे मोल त्याच्या जन्मभाषेवरून ठरवावे की शिकवण्याच्या कौशल्यावरून, हा प्रश्न तेथे अगदी प्रारंभापासून उभा होता.

१८०८ मध्ये ‘फेटन’ ही ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकी बंदरात शिरली, तेव्हा शोगुनशाहीने, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्या लष्करी सत्तेने, आपल्या डच दुभाष्यांना इंग्रजी शिकण्याची आज्ञा दिली. त्यांना शिकवणाराही डचच असल्याने १८१४ मध्ये सिद्ध झालेल्या पहिल्या इंग्रजी–जपानी कोशातील उच्चारांवर डच भाषेची छाप राहिली. ही उणीव भरून काढण्याची संधी १८४८ मध्ये अनपेक्षितपणे आली. स्कॉटिश पिता आणि उत्तर अमेरिकेतील चिनूक जमातीची माता यांचा पुत्र रॅनल्ड मॅकडोनाल्ड हा व्हेलच्या शिकारीच्या जहाजावरून लहान होडीत उतरून, संकटात सापडल्याचा बहाणा करून, रिशिरी बेटावर पोहोचला. जपानमध्ये परकीयास प्रवेशबंदी असल्याने त्याला नागासाकीस नेऊन कोंडून ठेवण्यात आले. मात्र त्या कोठडीसमोरच चौदा दुभाष्यांचा वर्ग भरू लागला. प्रत्येकाने पाळीपाळीने इंग्रजी मजकूर वाचावा आणि मॅकडोनाल्डने उच्चार दुरुस्त करावा, असा क्रम होता. जपानी भाषेत ‘ल’ आणि ‘र’ हे वेगळे वर्ण नसल्याने ‘ल’पाशी वर्ग पुनःपुन्हा अडत असे. त्याच वर्गातील मोरियामा एइनोसुके १८५४ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत दुभाषा होता. एका खलाशाच्या काही महिन्यांच्या शिकवणीची ही फलश्रुती लहान मानता येणार नाही.

१८६८ नंतरच्या मेइजी राजवटीत परदेशी तज्ज्ञ रीतसर करार करून आणले जाऊ लागले. त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’, म्हणजे ‘नोकरीस ठेवलेले परदेशी’, असे म्हणत. त्यांचे काम संपेल तेव्हा त्यांची जागा जपानी माणसाने घ्यावी, हे धोरण आरंभापासूनच स्पष्ट होते. लेखक लाफ्कादिओ हर्न याच्या आयुष्यात या धोरणाच्या दोन्ही बाजू दिसतात. १८९० मध्ये तो मात्सुए येथील माध्यमिक शाळेत दरमहा १०० येनवर रुजू झाला, पुढे कुमामोतो येथे गेला, १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाला आणि त्याच वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. तेथे तो इतक्या सावकाश बोलत असे की विद्यार्थ्यांना शब्दन् शब्द उतरवून घेता येई, आणि त्याच्या मृत्यूनंतर या वह्यांवरूनच ती व्याख्याने छापली गेली. १९०३ मध्ये मात्र त्याला जावे लागले आणि लंडनहून नुकतेच परतलेले जपानी अध्यापक नात्सुमे सोसेकी त्याच्या जागी आले. विद्यार्थी नाराज झाले, तरी ज्या हेतूने परदेशी शिक्षक आणले होते तो हेतू पाहता हा बदल अटळ होता.

उच्चार शिकवण्यास खलाशी पुरला आणि साहित्य शिकवण्यास लेखक. पण भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी याचे शास्त्र अद्याप कोणापाशीच नव्हते. शाळांमध्ये ‘याकुदोकू’ चाले, म्हणजे प्रत्येक शब्दाचा जपानी अर्थ लावून वाक्य उलगडणे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या मराठी पिढ्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. १९२२ मध्ये शिक्षण खात्याचा भाषासल्लागार म्हणून हॅरोल्ड पामर आला, पुढच्या वर्षी इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था स्थापन झाली, आणि डोळ्याआधी कानाला वळण लावणारी मौखिक पद्धती त्याने मांडली.

त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये ओइता येथे साहित्य शिकवण्यासाठी आला होता. परंतु विद्यार्थ्यांची खरी अडचण भाषेची आहे हे ओळखून तो शब्दरचनेच्या अभ्यासाकडे वळला. ‘वाँट’नंतर ‘टू गो’ चालते, पण ‘एन्जॉय’नंतर ‘गोइंग’च का लागते, ‘इन्फर्मेशन’चे अनेकवचन का होत नाही, असे प्रश्न जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्याला पडतच नाहीत आणि म्हणून त्याच्या कोशात त्यांची उत्तरेही नसत. गेटन्बी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह हॉर्नबीने रचलेला, क्रियापदांचे साचे सांगणारा आणि मोजता येणारी व न येणारी नामे खुणांनी वेगळी दाखवणारा कोश १९४२ मध्ये, ऐन युद्धात, तोक्योत प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला आणि त्याच्याच पुढील आवृत्त्या ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने आज महाराष्ट्रातही विद्यार्थ्यांच्या हाती असतात. या पेशाचा सर्वांत टिकाऊ ठेवा जपानी विद्यार्थ्यांच्या चुकांतून जन्मला, हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेट’ या सरकारी योजनेने पहिल्या वर्षी चार इंग्रजीभाषक देशांतून ८४८ तरुण आणले. कोणत्याही विषयाची पदवी पुरेशी, अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक नाही, वर्गात स्थान मुख्य शिक्षकाचे नव्हे तर सहायकाचे, आणि करार दरवर्षी नवा व आज जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अशी तिची रचना आहे. यात तरुणांना परदेशाचा अनुभव मिळतो, परंतु पेशा उभा राहत नाही. पामरने घालून दिलेल्या शिस्तीपासून ही दिशा दूरची आहे. याउलट हॉर्नबीने १९६१ मध्ये आपल्या नावाचा न्यास स्थापून कोशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याला दिला, आणि त्यातून ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा देशोदेशींच्या इंग्रजी शिक्षकांना ब्रिटनमध्ये जाऊन अध्यापनशास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.